दिवसाला चारच सिगरेटी, मग स्वस्तातला वेप घेऊ का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, वय 27, राहायला कळव्याला, जॉब ऐरोलीला आयटीत. सिगरेट मी फार ओढत नाही, दिवसाला तीन-चार, शनिवारी उपवनला मित्र भेटले तर जरा जास्त. सकाळी उठल्या उठल्या लागते असं काही नाही, पहिली डायरेक्ट ऑफिसला पोचल्यावर साडेदहाच्या चहाबरोबर, घरी तर अजिबात नाही कारण आईला माहीत नाहीये. पाकीट कधीच घेत नाही, टपरीवरून सुटीच घेतो. तरी परवा हिशोब केला तर महिन्याला दोन-अडीच हजार जातायत आणि धाकट्या भावाची फी मीच भरतो त्यामुळे ते आता टोचायला लागलंय. टीममधल्या एकाकडे वेप आहे, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगरेट, तो म्हणतो सिगरेटपेक्षा सेफ आहे, वास येत नाही आणि स्वस्त पडतं. इन्स्टावर एक जण बाराशेला डिस्पोजेबल देतो, 5000 पफवालं, मँगो आइस वगैरे फ्लेवर. माझ्यासारख्या लाइट स्मोकरने किती स्ट्रेंग्थपासून सुरुवात करायची, रिफिलवाला पॉड घ्यायचा की वापरून फेकायचा डिस्पोजेबल, आणि ह्यात पोलीस खरंच पकडतात का? बजेट कमी आहे एवढं लक्षात घेऊन सांगा. (नाव छापू नका प्लीज)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे ई-सिगरेट विकायला बंदी आहे. सप्टेंबर 2019 मध्ये आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेत कायदा झाला. बनवणं, बाहेरून आणणं, विकणं, वाटणं, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं, जाहिरात करणं, सगळंच बंद. पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परत सापडलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा करून ठेवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वेगळं. नुसता ओढतो म्हणून शिक्षेचं कलम त्यात नाही हे खरंय, आणि तुझा मित्र बहुतेक त्याच्याच जोरावर बिनधास्त आहे, पण इन्स्टावरून मागवलेल्या पार्सलचा प्रवास पहिल्या पावलापासून बेकायदेशीर आहे. म्हणजे बिल नाही, तक्रार नाही, आतमध्ये काय भरलंय ते विचारायला माणूस नाही, आणि पैसे घेऊन अकाउंट गायब झालं तर तू पोलीस स्टेशनला जाऊन सांगणार काय?

मला मात्र पोलिसांपेक्षा तुझ्या त्या मँगो आइसची जास्त काळजी वाटते. तू स्ट्रेंग्थ विचारलीस ना, तेच जरा बघू. अशा डिस्पोजेबलवर बऱ्याचदा 5 टक्के असं छापलेलं असतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 5 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम निकोटिन. 5000 पफवाल्यात साधारण दहा-बारा मिलिलिटर लिक्विड धरलं तर त्या हायलायटरएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत पाचशे मिलिग्रॅमच्या वर निकोटिन झालं. आता तुझं बघ. एका सिगरेटमधून शरीरात जातं साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. तुझ्या चार सिगरेटी म्हणजे दिवसाला चार ते सहा मिलिग्रॅम, बास. वेपमधलंही सगळं काही अंगात उतरत नाही, तरी तुझ्या रोजच्या सवयीच्या मानाने तो डबा केवढा मोठा आहे बघ. त्यातून हे निकोटिन सॉल्ट असतं, घशाला लागत नाही, खोकला येत नाही, त्यामुळे आपण किती ओढलं ते कळतच नाही.

आणि सिगरेटला एक गोष्ट आपोआप असते जी वेपला नाही, ती म्हणजे सिगरेट संपते. चार-पाच मिनिटांत संपली, विझवली, परत डेस्कवर. शिवाय ती ओढायला तुला लिफ्टने खाली यावं लागतं, गेटच्या बाहेर टपरीवर जावं लागतं, सुटे पैसे काढावे लागतात, उन्हात नाहीतर पावसात उभं राहावं लागतं. एवढ्या कटकटीमुळेच तुझ्या चार होतायत, दहा होत नाहीयेत. वेप खिशात असतो, वास येत नाही, मग बाथरूममध्ये दोन पफ, मीटिंगच्या आधी दोन, ट्रान्सहार्बर लोकलची वाट बघताना दोन, आणि ज्या घरात आजवर तू एकही ओढली नाहीस तिथे रात्री बेडवर पडल्या पडल्या पण दोन. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये मी हे बघते. दिवसाला चार ओढणारा मुलगा वेपवर जातो आणि काही महिन्यांनी त्याला सकाळी डोळे उघडल्यावर आधी तो लागतो, वर चहाबरोबरची सिगरेट चालूच. मग दोन्हीचा खर्च. बाराशेचं महिनाभर जाईल हा हिशोब विकणाऱ्याचा आहे.

आता तू म्हणशील की मॅडम, इंग्लंडमध्ये तर डॉक्टरच वेप घ्या म्हणून सांगतात. सांगतात, आणि मी ते लपवणार नाही. तिथली सरकारी आरोग्य सेवा, एनएचएस, सिगरेट सोडायला वेपची मदत घ्या असं उघडपणे सांगते, आणि निकोटिनच्या गम-पॅचपेक्षा वेपने जास्त लोक सिगरेट सोडू शकतात असं अभ्यासांमध्ये दिसलेलं आहे. सिगरेटमध्ये तंबाखू जळते, टार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, वेपमध्ये जळत काही नाही, त्यामुळे पूर्णपणे बदली केली तर धोका कमी होतो हेही बरोबर आहे. पण तिथे कायद्याने एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर निकोटिन चालत नाही, टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, प्रत्येक प्रॉडक्टची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि 1 जून 2025 पासून तर एकदा वापरून फेकायचे डिस्पोजेबल विकायलाच बंदी आली. म्हणजे तुला बाराशेला जे मिळतंय ते लंडनच्या दुकानातही ठेवता येणार नाही. तिथला सल्ला त्या मापातल्या, तपासलेल्या वस्तूसाठी आहे आणि सिगरेट पूर्ण सोडायला निघालेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. तो उचलून इन्स्टावरच्या चोरट्या मालाला कसा लावायचा?

आत काय भरलंय ह्याची भीती उगाच घालत नाहीये. 2019 मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्या तरुण पोरांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली, फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 जण हॉस्पिटलमध्ये गेले किंवा दगावले, त्यातले मृत्यू 68. शोध घेतल्यावर मुख्य संशय आला व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर, लिक्विड घट्ट करायला मिसळलेलं तेलकट द्रव्य, आणि ते जास्त करून गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालात सापडलं. तुझ्या फ्लेवरमध्ये तेच असेल असं मी म्हणत नाही. पण चोरटा माल म्हणजे काय असतं ते ह्यातून कळतं.

म्हणजे मग सिगरेटच चालू ठेवू का? नाही रे बाबा. "चारच तर ओढतो" हे मला रोज ऐकायला मिळतं आणि दर वेळी वाईट वाटतं. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगरेटच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त होतो, पण हृदयाचं गणित तसं नाहीये. 2018 मध्ये बीएमजे ह्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी आली होती, त्यात दिवसाला फक्त एक सिगरेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा जास्तीचा हृदयविकाराचा धोका निघाला. विसावा भाग नाही, निम्मा! म्हणून चाराच्या दोन केल्या की काम झालं असं होत नाही, शून्यावरच यावं लागतं.

आणि तुझ्यासाठी शून्य खूप जवळ आहे, हेच मला तुला सगळ्यात जास्त सांगायचंय. निकोटिनचं व्यसन किती मुरलंय हे बघताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो किती ओढतोस हा नाही, उठल्यावर पहिली किती वेळाने ओढतोस हा. ज्याला अर्ध्या तासाच्या आत लागते त्याचं शरीर अडकलेलं. तू उठतोस, आंघोळ, डबा, गर्दीची लोकल, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, तोपर्यंत तीन तास जातात आणि तुला काही होत नाही. रविवारी घरी असलास तर संध्याकाळपर्यंत काही होत नाही. म्हणजे तुझं शरीर नाही, तुझा साडेदहाचा चहा अडकलाय. तो चहा, ती टपरी, ते दोन मित्र आणि ती दहा मिनिटं. वेपने ह्यातलं काहीच सुटणार नाही, फक्त व्यसन चहापुरतं आहे ते दिवसभराचं होईल.

मग करायचं काय ते सांगते, आणि बजेटमध्येच सांगते. एक तारीख ठरव, पुढच्या दोन आठवड्यांच्या आतली, शक्यतो महिनाअखेरचं रिलीज किंवा कुणाचं लग्न नसेल अशी. त्या दिवसापासून बंद. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप जरा इकडेतिकडे, तिथून उतरायला लागतं. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते, तेवढी टाळली की निघून जाते. पहिला आठवडा चहा टपरीवर घेऊच नको, पॅन्ट्रीतला घे, बेचव असला तरी चालेल, नाहीतर लिंबू सरबत घे. मित्रांना सरळ सांग की मी सोडतोय, मला ऑफर करू नका. लोकांना वाटतं त्यापेक्षा मित्र जास्त ऐकतात.

एवढं करूनही हात शिवशिवला तर निकोटिन गम आहे. 2 मिलिग्रॅमचा कुठल्याही मेडिकलमध्ये प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो, एक गम एका सिगरेटपेक्षा स्वस्तच पडतो, आणि हा कायदेशीर, मोजलेला डोस आहे, वेपसारखा अंदाजपंचे नाही. 4 मिलिग्रॅमच्या भानगडीत तू पडायचं कारण नाही, तो सकाळी उठल्या उठल्या ओढणाऱ्यांसाठी. फक्त तो खायची पद्धत नीट समजून घे कारण नव्वद टक्के तक्रारी इथेच असतात. च्युइंगगमसारखा कचाकच चावायचा नाही. हळूहळू चाव, जरा तिखट, चुरचुरल्यासारखं लागलं की थांब आणि गालाच्या आत हिरडीशी दाबून ठेव. चुरचुर गेली की परत दोन-चार वेळा चाव, परत दुसऱ्या गालात ठेव. असं अर्धा तास. निकोटिन गालातून रक्तात जातं, पोटातून नाही, त्यामुळे भराभर चावून लाळ गिळलीस तर उचकी लागेल, छातीत जळजळेल आणि तलफ तशीच राहील, मग म्हणशील मॅडम हे काही कामाचं नाही. आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नाही, आधीची पंधरा मिनिटंपण नाही, कारण तोंडात आंबटपणा आला की निकोटिन आत जात नाही. तुझी तलफ चहाच्या वेळेचीच असल्यामुळे दहाला ऐरोली स्टेशनवर उतरल्यावरच गम घे आणि चहा अकरानंतर. दिवसाला चार-पाच गम तुला पुष्कळ झाले, दोन-तीन महिन्यांत कमी करत बंद. हृदयाचा काही त्रास असेल, तोंडात अल्सर असतील किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचार.

अजून एक, आणि हे पूर्ण फुकट आहे. 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा हेल्पलाइन नंबर, मराठीतही बोलतात, तारीख ठरवून देतात, पुढे स्वतःहून फोन करून विचारतात कसं चाललंय. 2018 पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, धोक्याच्या चित्राखाली, पण तू सुटी घेतोस त्यामुळे तुझ्या नजरेला कधी पडलाच नसेल. महाराष्ट्रात 2020 मध्ये सुटी सिगरेट-बिडी विकायला बंदी आणली त्यामागे हेच कारण होतं, सुटी घेणाऱ्याला ना ते चित्र दिसत ना नंबर, आणि वीस रुपयेच तर गेले असं वाटत राहतं. टपऱ्यांवर अजून सर्रास मिळते हे मलाही दिसतं. समोर बसून बोलायचं असेल तर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये तंबाखू सोडवण्याची ओपीडी आहे, आणि सरकारी जिल्हा रुग्णालयांमध्येही तंबाखूमुक्ती केंद्रं असतात, केसपेपरच्या खिडकीवर विचारायचं.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझा अनुभव असा की सांगितल्यावर पहिले दोन दिवस बोलणी बसतात आणि मग तीच सगळ्यात जास्त साथ देते.


प्रश्न : मॅडम, मुलगा बारावीत आहे, खारघरला कॉलेज. त्याच्या बॅगेत पेन ड्राइव्हसारखं जरा जाड काहीतरी सापडलं, त्याला कलिंगडाचा गोड वास येत होता. मिस्टरांना अजून सांगितलं नाहीये, ते मारतील ह्याची भीती वाटते. काय करू? (एक आई)

उत्तर : ताई, आधी शांत व्हा, आणि मिस्टरांना लगेच सांगितलं नाहीत ते बरं केलंत. तो वेपच असणार. वस्तू फेकून देऊन गप्प बसू नका, कारण मग तो दुसरा घेईल आणि नीट लपवेल. दोघंच असताना ती समोर ठेवा आणि विचारा, कधीपासून, किती वेळा, कुठून मिळाला, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. हे कठीण आहे मला माहितीये. ह्या वयातल्या बऱ्याच मुलांना आपण निकोटिन घेतोय हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं ही फ्लेवरची वाफ आहे. त्याला ते साध्या शब्दांत सांगा. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि ह्या वयात निकोटिनची सवय मोठ्या माणसापेक्षा लवकर लागते, एकाग्रता आणि मूडवर परिणाम होतो, आणि बारावीच्या वर्षाला ते परवडणारं नाही.

मग बघा, एक-दोन दिवस वेप नसताना तो चिडचिडा होतो का, अभ्यासाला बसल्यावर सारखा उठतो का. तसं असेल तर सवय लागलेली आहे आणि डॉक्टरकडे घेऊन या. अठराच्या आतल्या मुलाला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने निकोटिन गम आणून देऊ नका. वरचा हेल्पलाइन नंबर त्यालाही चालतो. मिस्टरांना सांगायचं तर मुलाशी बोलणं झाल्यावर, आणि काय करायचं ते तुमचं ठरल्यावर सांगा, म्हणजे रागाला जागा कमी राहील. मार खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी तुमच्याशीही बोलणार नाही. वेप कॉलेजजवळच्या दुकानात मिळत असेल तर मुलाचं नाव न घेता प्रिन्सिपलना आणि पोलिसांना जरूर कळवा, अशा कायद्याचा उपयोग इथेच करायचा.


प्रश्न : झिरो निकोटिन हर्बल वेप तरी चालतो का? त्यात व्यसन लागायचं काही नाहीये ना? (कोपरखैरणे)

उत्तर : कायद्याची व्याख्याच अशी आहे की निकोटिन असो वा नसो, गरम करून वाफ ओढायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणजे ई-सिगरेट, त्यात तंबाखू न जाळता गरम करणारं यंत्र आणि ई-हुक्कासुद्धा आला. त्यामुळे झिरोवरही बंदीच. आणि डब्यावर झिरो छापलंय म्हणजे आत झिरो आहे हे कोण तपासतंय? हर्बल हा शब्द फुप्फुसाला कळत नाही, त्याला गरम वाफेतला ग्लिसरीन आणि फ्लेवरचा मारा तेवढा कळतो.


प्रश्न : माझा मेव्हणा दुबईला असतो, दिवाळीला येताना ओरिजिनल ब्रँडेड पॉड किट आणू का विचारतोय. स्वतःच्या वापरापुरतं एकच आणलं तर चालतं ना? (ठाणे पूर्व)

उत्तर : नाही चालत. सामानातून आणणं हीसुद्धा आयातच, आणि आयातीवर बंदी आहे, एक असो नाहीतर दहा. कस्टम्सला सापडलं तर जप्त होणार आणि सणासुदीला तो बिचारा एअरपोर्टवर अडकून बसणार. ब्रँडेड असल्याने लिक्विडचा दर्जा बरा असेल, पण ते संपल्यावर रिफिल तुम्ही कुठून आणणार, तर परत त्याच इन्स्टावाल्याकडून. त्याला सांगा खजूर आण. आणि तुम्ही सिगरेट सोडायच्या विचारात असाल तर दिवाळीपर्यंत थांबू नका, दिवसाला किती ओढता आणि सकाळची पहिली उठल्यावर किती वेळाने, एवढं दोन ओळींत लिहून पाठवा, पुढच्या अंकात तुमच्यापुरतं उत्तर देते.